सूत्रात तांबं एकच

युसुफ, तुझ्या कबरीवरची माती अजून ओली होती, तेवढ्यात सरांनी आपला शोधनिबंध पुढे ओढला आणि त्यात तुझं म्हणणं घालून टाकलं. सगळं, तुझ्या त्या तांब्याच्या अणूंच्या जोड्याबिड्यांसकट. खाली एक ओळ, की हे स्पष्टीकरण आमच्या दिवंगत सहकाऱ्याचं. मला वाचून दाखवलं, चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि म्हणाले, "विमल, आता वाद नको. पोरगं गेलं. एवढं तरी करू त्याच्यासाठी."

मी नाही म्हटलं.

सर माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच तुला मारलंय. "मेला म्हणून त्याचं बरोबर ठरवायचं असेल," मी म्हणाले, "तर मोजमाप कशाला करतो आपण? ज्याचा त्याचा तेरावा झाला की मार्क देऊन टाकू." बोलून गेले आणि तशीच उठून बाहेर आले. आपली प्रयोगशाळा असलेल्या भातगिरणीच्या ओट्यावर उन्हात जाऊन उभी राहिले. सरांचा राग आला नव्हता रे. तुझा आला होता. भांडण असं अर्ध्यावर टाकून कुणी जातं का?

तेव्हापासून मला एका जागी बसवत नव्हतं. कडावच्या रस्त्यानं नुसती फेऱ्या घालत होते. भात झोडणाऱ्या बायका विचारायच्या, "काय गं बाई, काय हरवलं?" मी पुढे चालत राहायचे.

लढाईत विद्यापीठानं काही खाती मुंबईबाहेर हलवली, तेव्हा आपण तिघं कर्जतजवळ दहिवलीला येऊन पडलो होतो, सर, तू आणि मी, आणि पेटाऱ्यात घातलेला तो नाजूक काटा. काट्याच्या एका पारड्याखाली दोऱ्यानं काचेची नळी टांगायची, नळीत क्षाराचे बारीक स्फटिक, आणि नळीचं टोक विजेच्या चुंबकाच्या दोन तोंडांमध्ये. चुंबक बंद असताना वजन घ्यायचं, मग चालू करून घ्यायचं. दोन्हींत जो केसाएवढा फरक पडेल, ती चुंबकाची ओढ. आपलं सगळं शास्त्र त्या केसात. आणि दहिवलीला गाडी घाटाकडे निघाली, मागून ढकलणारी इंजिनं लागली की काट्याची सुई थरथर कापायची. सर वेळापत्रक घेऊन बसायचे. मालगाडीला वेळापत्रक नसतं हे त्यांना कोण सांगणार? शेवटी तूच ही कडावची बंद पडलेली भातगिरणी शोधून काढलीस. वीज नव्हती. चुंबकाच्या बॅटऱ्या कर्जतला भरून बैलगाडीनं आणायच्या. पण जमीन हलत नव्हती.

गिरणीच्या दाराशी आपण एक वेताची पाटी ठेवली होती, लोखंड काढून ठेवायला. किल्ल्या, कोयते, चाकू, खिळे मारलेल्या चपला. चुंबकाजवळ काहीही नको. दूध घालायला येणारी ठकूबाई दारातच थबकायची. "चपला काढा, कोयता काढा, बोलू नका. ह्यो कंचा देव रं बसवलाय तुमी आत?" आणि तू गंभीर चेहऱ्यानं म्हणायचास, "लय कडक हाय, मावशी. श्वास घेतला तरी कोपतो." मला केसांतले आकडे रोज त्या पाटीत टाकावे लागत आणि मग दिवसभर सुटलेला अंबाडा सावरत बसावं लागे. एक दिवस तू खालापूरच्या बाजारातून शिंगाचे आकडे घेऊन आलास. दिलेस तेही दुसरीकडे बघत. "सायन्ससाठी हाय ताई, नायतर लोक काय म्हनतील." मुंबईच्या विद्वानांसमोर तुझं इंग्रजी कापडासारखं सरळ निघायचं, आणि आमच्यात आलास की लगेच हाय-नाय. मला ते आवडायचं. मी त्याबद्दल तुला सारखी बोलायचे, पण आवडायचं.

आणि तो क्षार. ताक तांब्याच्या भांड्यात कळकतं ना, त्याच जातीचा, निळा-हिरवा. स्फटिक माझे. मी ते वाढवत होते, दिवसच्या दिवस झाकून, हलू न देता, पोरांसारखे. तांब्याच्या क्षाराला चुंबक ओढतो, आणि क्षार थंड केला की ही ओढ वाढते, हे तर पुस्तकातलं. आपण बर्फ आणि मीठ घालून थंड केला. ओढ थोडी वाढली आणि मग वाढेचना. सर म्हणाले, अजून थंड करा. कशानं करणार? मुंबईहून काही मागवायचं तर लढाईचे दिवस, आधी परवाने. तेव्हा तू म्हणालास, "आमच्या घरी हाय की थंडी."

तुझ्या अब्बांचा खालापूरला सोडावॉटरचा कारखाना. सोड्यात भरायच्या वायूचं लोखंडी नळकांडं तू सर्विस मोटारच्या टपावर चढवून आणलंस. ती मोटारही तेव्हा कोळशाच्या धुरावर चालायची, चढ आला की आपण उतरून ढकलायची. नळकांडं दाराबाहेर उलटं धरून तू तोंडाला जाड फडक्याची पिशवी बांधलीस आणि चावी फिरवलीस. काय तो आवाज! अख्खं कडाव धावत आलं. पिशवी सोडली तर आत पांढरा भुगा, बर्फाहून कितीतरी थंड, आणि पाणी न होता नुसता विरून जाणारा. ठकूबाईच्या हातावर चिमूटभर ठेवलास तर तिनं तुला आईवरून शिवी दिली. तू हसून हसून खाली बसलास.

त्या कोरड्या बर्फानं आपल्याला आधी चांगलंच तोंडावर पाडलं. वजनं अशी काही नाचायला लागली की सरांना वाटलं नवा शोध लागला. ते मुंबईला तार करायला निघाले होते. आणि मी बघितलं, नळीवर, नळीच्या दोऱ्यावर, सगळीकडे दव जमून गोठत होतं. पावसाळा नुकता सरलेला, हवा ओलीचिंब. आपण इतके दिवस कोकणातलं दव तोलत होतो! हे दुसऱ्या कुणाला सांगून हसूही येणार नाही. तू मात्र दुसऱ्या दिवशी येऊन नळीभोवती काचेचा डबा बसवलास, त्यात त्याच नळकांड्याचा कोरडा वायू खेळवलास. दव बंद. वजन स्थिर. मला म्हणालास, "चूक तुमी पकडली, औषध माझं. फिट्टंफाट."

आणि मग ते दिसलं. थंडीत ओढ वाढायच्या ऐवजी उतरली. पुन्हा केलं, पुन्हा उतरली. चुंबक बंद, चालू, बंद, असं उलटसुलट करून पाहिलं, तरी उतरली.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. तू म्हणालास, यात तांब्याचे अणू दोन-दोन करून बसलेत. प्रत्येक अणू म्हणजे एक इवला चुंबक. ऊब असते तोवर दोघं आपापल्या मर्जीनं वागतात, थंडी पडली की एकाचं तोंड वर, दुसऱ्याचं खाली, एकमेकांची ओढ एकमेकांतच जिरते आणि बाहेर काही उरत नाही. "थंडीत नवरा-बायको एका गोधडीत शिरली की शेजाऱ्याला हाक ऐकू येते काय, ताई?" सर खोकले. मी म्हणाले, चावटपणा पुरे, सूत्र बघ. सूत्रात तांबं एकच आहे. जोडी आली कुठून?

"सूत्र तुमी लिहिलंय. तांब्यानं नाय."

किती चिडले होते मी! आम्ही रसायनवाले काय उगाच सूत्रं लिहितो? माझं म्हणणं साधं होतं आणि आजही मला ते वेडगळ वाटत नाही. स्फटिकात पाणी असतं. तुझा कोरडा वायू ते पाणी शोषून घेत होता, क्षार बदलत होता, आणि बदललेल्या क्षाराची ओढ तू मोजत होतास. पुन्हा एकदा पाणीच, आधी बाहेरचं, आता आतलं. तू म्हणायचास, मग सगळं पाणी आधीच काढून टाकू, कोरड्या पुडीवर मोजू. तरी ओढ उतरली तर तुमचं खोटं. मी म्हणायचे, माझे स्फटिक भाजायला दिलेत का मी? हे भांडण जेवताना, चालताना, बॅटऱ्यांच्या बैलगाडीत बसून. गाडीवान एकदा वैतागून म्हणाला, "तुमी दोघं जमिनीचा तुकडा वाटून घ्या आनि गप बसा." शेवटी ठरलं, की दिवाळीनंतर सोड्याचा धंदा मंदावतो, नळकांडं मोकळं होईल, तेव्हा करू.

तू घरी निघालास त्या दिवशी तुझे डोळे लाल होते. मला वाटलं हिवताप असेल, इथं कुणाला नसतो? कोयनेल घे म्हणाले. मोटार सुटली तशी खिडकीतून ओरडलास, "आलो की तुमच्या स्फटिकांचं पीठ करतो!"

"हात तर लावून बघ!" मी ओरडले.

तुझ्याशी बोललेले माझे शेवटचे शब्द हे. हिवताप नव्हता. विषमज्वर होता, आणि दिवाळी यायच्या आत तू गेलास. लोक सांगतात, काळाच्या पुढे कुणाचं चालत नाही, आणि मला त्यांना हाताला धरून बाहेर काढावंसं वाटतं. तीस वर्षंही न पाहिलेला माणूस. बुद्धी अशी, की सरांसारखा माणूस तुझ्यापुढे बोलताना शब्द तपासून घ्यायचा. कुठली ही रीत?

तुमच्यात बायका दफनाला जात नाहीत. आमच्यातही स्मशानात कुठे जातात? मी नंतर तुझ्या घरी आले. खालापूरला तुमच्या ओसरीवर बायका बसल्या होत्या, त्यांनी सरकून जागा दिली. तुझ्या अम्मानं मला ओळखलं. "तुमीच त्या भांडनाऱ्या बाई," म्हणाल्या. मी मान हलवली. मग त्यांनी माझं मनगट धरलं. "तापात पन तांबं तांबं करत व्हता. आमाला काय कलतंय त्यातलं? पन सांगा मला, त्याचं ते खरं हाय का?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. एका 'हो'चं काम होतं. कुणीही म्हटलं असतं, आणि कुणी त्याला खोटं म्हटलं नसतं. माझ्या तोंडून 'हो' निघेना. तुझाच चेहरा समोर येत होता, उगाच हो म्हणणाऱ्या माणसाकडे तू कसा बघायचास तो. "अजून माहीत नाही, अम्मा," मी म्हणाले. मागं कुणीतरी च्यक् केलं. अम्मानं मात्र हात सोडला नाही. "मंग बघा की," त्या म्हणाल्या. "कोनी तरी बघाया पायजे ना."

म्हणून सरांना मी नाही म्हटलं रे. दयेनं तुला बरोबर ठरवलं असतं, तर तुझ्या अम्माला मी काय उत्तर दिलं असतं? आणि निबंधात माझं पाण्याचं म्हणणं घालून तू नसताना जिंकणं, त्याची तर मला कल्पनाही करवत नव्हती. तू उठून उलटं बोलणार नसशील तर माझ्या बोलण्याला चवच नाही. दिवसातला सगळ्यात चांगला वेळ कुठला, तर तुझ्याशी भांडण्याचा. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू त्यावरही वाद घातला असतास.

मी स्फटिक काढले. सगळ्यांत मोठे, जे मी कुणाला बोट लावू देत नव्हते ते. खलात घातले आणि कुटले. पहिला घाव घालताना डोळे मिटले होते, खोटं कशाला सांगू. मग ती पूड वाळूच्या कढईत मंद आचेवर भाजत बसले. चकाकी गेली, रंग उतरला, वजन घटत घटत एका जागी थांबलं. पाणी संपलं. नळीत भरून तोंड बंद केलं आणि तुझ्या अब्बांना निरोप पाठवला, की नळकांडं हवंय.

नळकांडं घेऊन ते स्वतः आले. दुसऱ्या कुणाच्या हाती देईनात. तू काय करायचास ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. दाराशी उभे राहून विचारलं, "काय काय काढू, बाई?" किल्ल्यांचा जुडगा काढला, चाकू काढला, खिळ्यांचे जोडे काढले, आणि अनवाणी आत येऊन तो काटा, चुंबक, नळी, सगळं लांबूनच बघत राहिले. हात मागे बांधलेले. मग बाहेर जाऊन नळकांडं उलटं केलं. त्यांचं वय झालंय रे. सरांनी धोतराच्या सोग्यानं एका बाजूनं धरलं, बोटं गारठेपर्यंत. ठकूबाई त्या दिवशी दूध ठेवून हळूच निघून गेली.

साध्या हवेत वजन घेतलं. बर्फ-मिठात घेतलं. मग कोरड्या बर्फात. चुंबक बंद, चालू, बंद. मी श्वास धरून आकडा वाचला आणि सरांना सांगायच्या आधी पुन्हा सगळं केलं. दव बघितलं, दोरा बघितला, नळीचं तोंड बघितलं. कुठेतरी चूक सापडावी असं मला वाटत होतं, आणि सापडू नये असंही. युसुफ, पाण्याचा टिपूस नव्हता त्या पुडीत. आणि ओढ उतरली. जशी तुझ्यासमोर उतरायची तशीच.

"झालं?" अब्बांनी विचारलं.

"झालं," मी म्हणाले, आणि काट्यासमोर बसूनच रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. हरल्याचं नव्हतं ते रडणं. हरल्याचा मला आनंद झाला होता, आणि टाळी द्यायला समोर कुणी नव्हतं.

सरांनी आकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "मग मी तेव्हा घालत होतो तेच तर!" पण आता तेच बिचकायला लागलेत. म्हणतात, जोड्या कुणी पाहिल्या नाहीत, विमल, जपून लिहू. खरंच आहे ते. माझं खोटं निघालं म्हणून तुझं आपोआप खरं ठरत नाही, हे तूही म्हणाला असतास. पण ते जपून लिहायला निघाले, की मी पुढे होऊन अडवते. आपण दोघं भांडायचो त्याहून मोठ्यानं मी आता तुझ्या बाजूनं भांडते, आणि मध्येच मला कळतं की माझ्या बाजूला कुणीच नाही. मग मला पुन्हा उठून फेऱ्या माराव्या लागतात.

आज नळकांडं परत न्यायला आलेल्या अब्बांबरोबर मी खालापूरला आले. दुपार होती. अम्मा ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून सूप खाली ठेवलं. मीच सांगितलं, "माझं खोटं निघालं, अम्मा."

"म्हंजे त्याचं खरं."

"तसं अजून म्हणता येत नाही. ते तांबं जोडीनं बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. सरांना शंका आहे. मुंबईतले हसतील. विलायतेतल्यांना विचाराल तर तेही नाही म्हणतील."

त्यांनी सूप आणखी बाजूला सारलं. "त्ये ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. "तुमी काय म्हनता? त्याचं खरं हाय का?"

इतकी भांडणं झाली, युसुफ, इतक्या वाटा आपण तेच बोलत चाललो, आणि मी तुला एकदाही म्हटलं नाही ते तुझ्या आईला म्हटलं.

मी हो म्हणाले.